बचावाची पहिली फळी: फिलाडेल्फिया ईगल्सनी ती ड्राफ्टमधून कशी उभी केली

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, झाला आणि त्यात फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं हरवलं. चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, पॅट्रिक माहोम्स त्या दिवशी सहा वेळा चेंडू हातात असतानाच जमिनीवर आला. फुटबॉलच्या भाषेत हे सहा सॅक. मध्यंतरापर्यंत चीफ्सना चेंडू घेऊन अवघे २३ यार्ड पुढे सरकता आलं होतं. एवढं करूनही बचावाचे सूत्रधार विक फँजिओ यांनी ब्लिट्झ एकदाही लावला नाही. ब्लिट्झ म्हणजे पुढच्या चार जणांच्या जोडीला मागचे एक-दोन गडी क्वार्टरबॅकवर सोडणं. त्यात धोका असा की जितके जास्त पुढे धावतील, तितके पास अडवायला मागे कमी उरतात. चौघांनीच काम फत्ते केलं तर मागे सात शिल्लक राहतात आणि क्वार्टरबॅकला चेंडू द्यायला माणूस सापडत नाही.

त्या रात्री ज्यांच्या नावावर सॅक लागले, ते चारही जण ईगल्सनीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीत, घेतलेले होते: जॉश स्वेट (अडीच), मिल्टन विल्यम्स (दोन), जॉर्डन डेव्हिस (एक) आणि जेलिक्स हंट (अर्धा). दोघांनी मिळून पाडलं की अर्धा-अर्धा वाटून लिहितात. अशी फळी एका वर्षात उभी राहत नाही.

ड्राफ्टची कल्पनाही मुळात फिलाडेल्फियाचीच. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते: गेल्या मोसमात जो सर्वांत खाली, तो सर्वांत आधी निवडणार. ईगल्सचे तेव्हाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये हा प्रस्ताव मांडला. चांगली पोरं श्रीमंत संघ उचलून नेतात आणि आपल्यासारख्यांच्या हाती काहीच लागत नाही, हे त्यामागचं रोकडं दुखणं. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. पहिली पाळी ईगल्सचीच होती. त्यांनी जे बर्वँगर या खेळाडूला निवडलं, पण तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. निवडणं वेगळं आणि मिळणं वेगळं, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

या संघाची पहिली खरी दहशतवाली फळी १९८० च्या दशकातली. रेजी व्हाइट १९८४ च्या पुरवणी ड्राफ्टमधून आला. दुसऱ्या एका लीगशी करार झालेल्या खेळाडूंसाठी तो ड्राफ्ट घेतला होता. जेरोम ब्राउन १९८७ मध्ये पहिल्या फेरीत नवव्या क्रमांकावर घेतला. क्लाइड सिमन्स मात्र १९८६ च्या नवव्या फेरीत, २३३ वा. तेव्हा ड्राफ्टच्या बारा फेऱ्या असत. १९९४ पासून सातच आहेत, म्हणजे आजच्या नियमात नववी फेरीच नाही. व्हाइटने १९८७ च्या संपामुळे आखूड झालेल्या मोसमात १२ सामन्यांत २१ सॅक केले. १९९१ मध्ये हा बचाव धाव, पास आणि एकूण यार्ड अशा तिन्ही हिशेबांत लीगमध्ये पहिला आला. तरी संघ बाद फेरीत पोचला नाही, कारण क्वार्टरबॅक रँडल कनिंगहॅम पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला होता.

ही फळी मैदानात कोणी मोडली नाही. जून १९९२ मध्ये ब्राउन मोटार अपघातात गेला. १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूला हव्या त्या संघात जायची मोकळीक मिळाली आणि व्हाइट ग्रीन बेला गेला. पुढच्या वर्षी सिमन्स ॲरिझोनाला. तिघांच्या जागी तयार असं मागे कोणी नव्हतं. आज ईगल्स जे करतात त्याचं मूळ इथे शोधावं लागतं: आधीचा उभा असतानाच त्याच्या जागेवरचा पोरगा आणून ठेवायचा.

पण ते उमगायच्या आधी एक महागडी चूक व्हायची होती. १९९५ मध्ये ईगल्सनी टँपा बेला आपली बारावी पाळी आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या दिल्या. बदल्यात सातवी पाळी आणि तिसऱ्या फेरीतली एक घेतली. त्या सातव्या पाळीवर आला बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला. ड्राफ्टपूर्वीच्या कंबाइन चाचण्यांत, म्हणजे ४० यार्डांची धाव, उंच उडी, २२५ पौंडांचा बेंच प्रेस यांत, त्याने सगळ्यांचे डोळे दिपवले होते. त्याने नेमका त्याच चाचण्यांचा सराव केला होता. तेव्हा असं फारसं कोणी करत नसे. मामुला वाईट खेळाडू नव्हता, कारकिर्दीत त्याचे साडेएकतीस सॅक झाले. फक्त टँपाने बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅप घेतला आणि त्याच दिवशी अठ्ठाविसाव्या क्रमांकावर डेरिक ब्रूक्स. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. जानेवारी २००३ मध्ये याच टँपाने फिलाडेल्फियात येऊन ईगल्सना २७-१० असं हरवलं आणि पुढे सुपर बोल जिंकला. व्हेटरन्स स्टेडियममधला ईगल्सचा तो शेवटचा सामना.

मामुलाच्या बाबतीत घोटाळा काय झाला हे नीट पाहायला हवं, कारण तो अजूनही होतो. ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. फळीतला गडी एका खेळीत एवढा सरळ धावतच नाही. त्याची लढाई पहिल्या दोन-तीन पावलांत संपते. समोरच्याच्या छातीवर आपले हात आधी पडले की त्याचे आपल्यावर, कंबर किती खाली राहिली, गुडघे सरळ तर झाले नाहीत, यावर सगळं ठरतं. गुडघे सरळ झाले की दीडशे किलोचा माणूसही मागे रेटला जातो. म्हणून जाणकार निवडकर्ते त्या धावेतले पहिले दहा यार्डच वेगळे काढून बघतात, हाताची लांबी मोजतात आणि मग कॉलेजच्या सामन्यांचं चित्रीकरण खेळीगणिक तपासतात. नुसते सॅक मोजले तरी फसायला होतं. कमकुवत संघाविरुद्धचे चार सॅक कागदावर चारच दिसतात.

२०१० मध्ये ईगल्स चोविसाव्या क्रमांकावरून तेराव्यावर चढले आणि ब्रँडन ग्रॅहमला घेतलं. त्याच्या पुढच्याच दोन पाळ्यांवर अर्ल थॉमस आणि जेसन पिअर-पॉल गेले. ग्रॅहमचा गुडघा पहिल्याच मोसमात गेला. त्यानंतर प्रशिक्षक बदलले, मांडणी चारच्या फळीवरून तीनच्या फळीवर गेली, आणि हाताने जमिनीला टेकून सुटणाऱ्या गड्याला उभ्याने खेळावं लागलं. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक फार सोशिक नाहीत. कित्येक वर्षं तो त्यांच्या लेखी फुकट गेलेली पाळी होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅट्रियट्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये शेवटची सव्वादोन मिनिटं उरली असताना त्यानेच टॉम ब्रेडीच्या हातातला चेंडू उडवला. तो चेंडू २०१७ च्या पहिल्या फेरीतल्या डेरेक बार्नेटने पकडला. सामना ४१-३३ असा ईगल्सचा झाला.

फ्लेचर कॉक्स २०१२ मधला, बारावा. तो मात्र जवळजवळ पहिल्या दिवसापासून चालला. त्याउलट २०१४ चा मार्कस स्मिथ, सव्विसावा: तीन मोसमांत चार सॅक आणि सुट्टी. पहिल्या फेरीतही हमी नसते. म्हणूनच एका पाळीवर सगळा डाव लावायचा नसतो.

दरम्यान लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारनाम्याने अर्थकारणच पालटलं. २०१० च्या पहिल्या पाळीच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल झाले होते. २०११ च्या पहिल्या पाळीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. नवख्यांचा पगार आता पाळीच्या क्रमांकाने ठरतो. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष जोडायची मुभा संघाकडे. चांगला निघालेला टॅकल, म्हणजे फळीच्या मधोमध खेळणारा गडी, चार-पाच वर्षं स्वस्तात मिळतो. त्यानंतर दोनच वाटा: बाजारभाव मोजा, नाहीतर निरोप द्या. म्हणून सगळे करार एकाच वर्षी संपू द्यायचे नसतात. वेगवेगळ्या वर्षांतल्या पाळ्या लागतात.

ईगल्सचे सरव्यवस्थापक हावी रोझमन यांनी हीच साखळी लावली. २०१८ च्या चौथ्या फेरीत जॉश स्वेट, १३० वा. शाळेत असताना त्याचा गुडघा इतका वाईट निखळला होता की पाय वाचतो की नाही अशी वेळ आली होती. अनेक संघ त्या गुडघ्याकडे पाहूनच थांबले आणि तो खाली घसरला. २०२१ मध्ये मिल्टन विल्यम्स. त्या वेळी रोझमन सत्तराव्या पाळीवरून त्र्याहत्तराव्यावर सरकले आणि बदल्यात एक जादा पाळी घेतली. मधल्या बहात्तराव्या पाळीवर डेट्रॉइटने अलीम मॅकनील हा टॅकल उचलला. निवडीनंतर ईगल्सच्या खोलीत रोझमन मुठीला मूठ लावायला पुढे झाले आणि जुने निवडकर्ते टॉम डोनाहो यांनी तोंड फिरवलं, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. चार वर्षांनी त्याच विल्यम्सने सुपर बोलमध्ये माहोम्सच्या हातून चेंडू पाडला.

२०२२ मध्ये जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस. उंची साडेसहा फूट, वजन ३४१ पौंड, म्हणजे सुमारे १५५ किलो, आणि ४० यार्ड ४.७८ सेकंदांत. त्याच्यासाठी ईगल्स पंधरावरून तेरावर चढले. अशा सौद्यांचा भाव प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या काळात डॅलस संघात बनवलेल्या तक्त्यावरून काढायची जुनी रीत आहे. त्यात तेरावी पाळी ११५० गुणांची, पंधरावी १०५०. उरलेले शंभर गुण ईगल्सनी १२४, १६२ आणि १६६ या पाळ्या देऊन भरले. हिशेब जवळपास तंतोतंत जुळतो. डेव्हिसचं काम सॅक करणं नाही. मधोमध उभं राहून समोरच्या दोघांना स्वतःवर गुंतवून ठेवायचं, म्हणजे शेजारचा गडी एकास एक मोकळा होतो. २०२२ च्या मोसमात त्याचा घोटा दुखावला तेव्हा प्रतिस्पर्धी मधून पळायला लागले आणि नोव्हेंबरात लिनवल जोसेफ व एन्डामुकाँग सू या दोघा अनुभवींना घाईघाईने बोलवावं लागलं. एका माणसावर किती भार होता, ते तेव्हा दिसलं.

त्या मोसमात ईगल्सचे ७० सॅक झाले. चार गड्यांनी प्रत्येकी दहाच्या वर सॅक करण्याची लीगच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. आणि फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये? एकही नाही, चीफ्सकडून ३८-३५ अशी हार. सत्तरातले सत्तावीस सॅक रेडिक आणि हारग्रेव्ह या बाहेरून आणलेल्या दोघांचे होते. हारग्रेव्ह लगेच सॅन फ्रान्सिस्कोला गेला, रेडिक वर्षभराने जेट्सकडे.

हारग्रेव्हची जागा २०२३ च्या नवव्या पाळीवरच्या जेलन कार्टरने घेतली. त्या ड्राफ्टमधल्या सर्वांत गुणी खेळाडूंत त्याची गणना होती, पण मैदानाबाहेरच्या प्रकरणामुळे काही संघ बिचकले. तिसाव्या पाळीवर त्याचाच जॉर्जियातला सोबती नोलन स्मिथ आला, आणि सातव्या फेरीत टेक्ससचा मोरो ओजोमो. तरी तो मोसम कोसळलाच: दहा विजय-एक पराभव इथून ११-६, आणि बाद फेरीत टँपाकडून ३२-९. बचावाची सूत्रं तेव्हा शॉन देसाई या भारतीय वंशाच्या प्रशिक्षकाकडे होती. डिसेंबरात ती काढून घेतली गेली. दोष एकट्याचा नव्हता. कार्टर पहिल्या वर्षाचा, डेव्हिस दुसऱ्या वर्षाचा, आणि डिसेंबरपर्यंत दोघेही दमलेले दिसत. टॅकलला कॉलेजच्या बारा-तेरा सामन्यांवरून सतरावर यायला साधारण दोन वर्षं जातात. २०२४ मध्ये फँजिओंनी पाळीपाळीने गडी बदलत ठेवले, डेव्हिसला तर निम्म्याहून कमी खेळी दिल्या. मोसमाचे सॅक ४१ वर आले, पण एकूण बचावात संघ पहिला.

मार्च २०२५ मध्ये विल्यम्स चार वर्षांच्या १० कोटी ४० लाख डॉलरवर पॅट्रियट्सकडे गेला, स्वेट ॲरिझोनाला. गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात लीग पुढच्या वर्षी भरपाईच्या पाळ्या देते, पण तिसऱ्या फेरीच्या शेवटी किंवा त्याहून खाली, आणि बाहेरून माणसं घेतली तर तीही वजा होतात. ईगल्सनी तोडीस तोड पैसे मोजले नाहीत. एप्रिलमध्ये चौथ्या फेरीत नेब्रास्काचा टाय रॉबिन्सन घेतला, आणि विल्यम्सच्या मोकळ्या झालेल्या खेळी दोन वर्षं बाकावर घडत असलेल्या ओजोमोकडे गेल्या. २०२३ च्या २५९ पाळ्यांतला तो २४९ वा.