एल्ब बोगदा, जुना

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात एल्ब नदीच्या पात्राखालून जाणारा रस्त्याचा ऐतिहासिक बोगदा. उत्तर काठावरील झांक्ट पाउली येथील धक्के व दक्षिणेकडील श्टाइनवेर्डर हा बंदराचा भाग यांना तो जोडतो. बांधकाम १९०७ मध्ये सुरू झाले व सप्टेंबर १९११ मध्ये तो खुला झाला. लांबी सु. ४२६ मी.; सु. ६ मी. व्यासाच्या दोन समांतर नळ्या. खोली पाण्याच्या पृष्ठभागाखाली सु. २४ मी.

यूरोपातील पहिला नदीखालचा बोगदा असे त्याचे वर्णन काही वेळा केले जाते. ते ग्राह्य नाही. लंडनचा टेम्स बोगदा १८४३ मध्येच खुला झाला होता. तो घोडागाड्यांसाठी योजलेला असला, तरी उताराचे रस्ते बांधले न गेल्याने पादचाऱ्यांपुरता राहिला व पुढे रेल्वेकडे गेला. वाहनांपुरते पाहिले, तरी ग्लासगोचा क्लाइड नदीखालचा बोगदा (१८९० चे दशक) व लंडनचा ब्लॅकवॉल (१८९७) आधीचे ठरतात. बर्लिनमध्ये श्प्रे नदीखालून १८९९ पासून वाहतूक होती, मात्र ती ट्रामची. त्यामुळे यूरोपच्या मुख्य भूमीवरील, रस्त्यासाठी बांधलेल्या आरंभीच्या नदीबोगद्यांपैकी एक, एवढेच विधान निर्धास्तपणे करता येते. काठावर घुमटाची इमारत, खाली खोल विहीर आणि लिफ्टने उतरणारी वाहने ही रचना ग्लासगोवरून घेतली, हे मत बहुधा बरोबर असावे. गजबजलेल्या धक्क्यांवर लांब उताराला जागा नव्हती. पूल बांधायचा, तर तो जहाजांच्या डोलकाठ्यांहून उंच न्यावा लागला असता.

खोदाई पोलादी ढालीच्या आडून, संपीडित हवेत झाली. पाणी व गाळ आत शिरू नये म्हणून खोदाईच्या तोंडाशी हवेचा दाब वाढवून ठेवत आणि कामगार हवाबंद कोठड्यांतून ये-जा करीत. अशा दाबाखाली शरीरात जास्त नायट्रोजन विरघळतो. दाब झपाट्याने उतरल्यास त्याचे बुडबुडे होतात, सांधे असह्य ठणकतात, पक्षाघातही संभवतो. या केसॉन विकाराने येथे शेकडो कामगार आजारी पडले. तीन मृत्यूंची नोंद बहुतेक ठिकाणी आढळते. आर्थर बोर्नश्टाइन या डॉक्टरांनी या कामगारांवरील निरीक्षणांतून १९११ च्या सुमारास हाडे व सांध्यांच्या दीर्घकालीन बिघाडाचे वर्णन केले. या विषयावरील ते अगदी आरंभीचे लेखन होय. बोगद्याच्या स्थापत्याचे कौतुक होताना ही बाजू मागे पडते. प्रत्यक्षात तिचे महत्त्व घुमटाहून कमी नाही.

उत्तरेकडील घुमटाची इमारत टिकून आहे. दक्षिणेकडील मूळ इमारत दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. आतील भिंतींवर चकचकीत लेपाच्या मातीकामात मासे व इतर जलचर कोरलेले आहेत. १९७५ मध्ये मोटारींसाठी नवा एल्ब बोगदा झाल्यावर याचे वाहतुकीतील महत्त्व ओसरले. २००३ पासून ही संरक्षित वास्तू आहे. दुरुस्तीनंतर पूर्वेकडील नळी २०१९ मध्ये पुन्हा खुली झाली. पादचारी व सायकलस्वारांना प्रवेश विनामूल्य असून लिफ्टशिवाय जिन्यानेही उतरता येते.