अन्नपेढी

दानातून आलेले किंवा विक्रीनंतर उरलेले खाण्याजोगे अन्न गोळा करून, निवडून आणि साठवून गरजूंना विनामूल्य पोहोचवणारी ना-नफा संस्था. तिला फूड बँकही म्हणतात. अनेक अन्नपेढ्या स्वतः जेवण वाढत नाहीत. त्या गोदाम सांभाळतात आणि तिथून वाटपकेंद्रे, निवारागृहे व शाळांकडे शिधा रवाना होतो.

पहिली अन्नपेढी जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स शहरात सुरू केली. ते एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. दुकानामागे फेकलेल्या मालावर मुलांना जगवणाऱ्या एका आईने त्यांना सुचवले, की जादा अन्न आणून ठेवता येईल आणि गरज असेल त्याला नेता येईल अशी जागा हवी. १९८४ मध्ये ही कल्पना फ्रान्समध्ये पोहोचली आणि पुढे युरोपभर पसरली.

गोदामातले सर्वांत जोखमीचे काम निवडीचे. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सूचना सुरक्षिततेची असते. ती तारीख उलटलेले अन्न वाटता येत नाही. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही मात्र केवळ दर्जाची हमी असते आणि तारखेनंतरही नीट साठवलेला कोरडा माल बहुधा खाण्याजोगा राहतो. हा फरक न कळल्याने पुष्कळ चांगले अन्न कचऱ्यात जाते. भाजीपाला, दूध, मांस यांना अखंड शीतसाखळी, म्हणजे साठवण आणि वाहतुकीत माल सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, लागते. ती नसेल तर वाटप डबाबंद पदार्थ आणि धान्यावर येऊन थांबते आणि पोट भरले तरी पोषण अपुरे राहते. शिवाय दानात जे येते तेच हवे असते असे नाही, म्हणून देणगीच्या पैशातून खरेदीही करावी लागते. सद्हेतूने अन्न देणाऱ्याला कायदेशीर संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १९९६ मध्ये झाला. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना उरलेल्या अन्नासाठी सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७.३ कोटी लोक भुकेले होते. आधीच्या दोन वर्षांपेक्षा ही संख्या कमी असली तरी २०१५ पेक्षा जास्त आहे, आणि आफ्रिकेत भूक अजून वाढतेच आहे. दुसरीकडे, २०२२ मध्ये घरे, उपाहारगृहे व दुकानांतून १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उरलेले अन्न भुकेल्यांना दिले म्हणजे प्रश्न सुटेल असे वाटते. पण तो समज अपुरा आहे. अन्न असूनही ते मिळवण्याची ऐपत नसल्याने माणसे उपाशी राहतात, हे अमर्त्य सेन यांनी दुष्काळांच्या अभ्यासातून दाखवले. ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या अन्नपेढी जाळ्याने २०१०–११ मध्ये सुमारे ६१ हजार शिधापाकिटे दिली होती. २०२३–२४ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. तिथे या काळात धान्य संपले नव्हते. भाडे, वीजबिल आणि महागाईपुढे पगार व सरकारी साहाय्य तोकडे पडत गेले.

त्यामुळे अन्नपेढ्यांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: तात्पुरती सोय कायमची झाली की सरकारला जबाबदारी टाळायला वाव मिळतो. आक्षेपात तथ्य आहे, पण आज रात्री मुलांना काय खाऊ घालायचे हा प्रश्न धोरण बदलेपर्यंत थांबत नाही. भूक कशाने कमी होते याचा पुरावा अमेरिकेत मिळतो. २०२१ मध्ये मुलांसाठीचे रोख साहाय्य वाढवले गेले, तेव्हा अन्न-असुरक्षित, म्हणजे पुरेशा अन्नाची खात्री नसलेल्या, घरांतील लोकांची संख्या ३.३८ कोटी होती. ते साहाय्य थांबले, महागाई वाढली आणि २०२३ पर्यंत हा आकडा ४.७४ कोटींवर पोहोचला.