विशीत लिहिलेलं, नव्वदीत वाचलेलं

कुणी शंभरी गाठली की लोक रहस्य विचारतात आणि ते उत्तर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. कुणाचं लसणीचं पाणी, कुणाचा ताईत. फ्रान्सच्या जान कालमाँ १२२ वर्षं जगल्या आणि कित्येक वर्षं त्या सिगारेट ओढत होत्या. लसूण खाऊनही साठीत गेलेल्यांची मुलाखत कोण घेणार? म्हातारपणी सांगितलेल्या कहाणीपेक्षा तरुणपणी लिहून ठेवलेल्या कहाणीवर माझा जास्त भरवसा आहे.

अशाच कहाण्या अमेरिकेत संशोधक डेव्हिड स्नोडन यांना मिळाल्या. १९८६ मध्ये त्यांनी स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघातल्या वृद्ध ननचा अभ्यास सुरू केला. पुढे ६७८ जणींनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं. जेवण सारखं, राहणी सारखी, बाळंतपण नाही. तुलनेला याहून चांगला गट कुठला? आणि मठाच्या दप्तरात त्यांची साधारण बाविसाव्या वर्षी स्वहस्ते लिहिलेली आत्मवृत्तं होती.

भाषाशास्त्रज्ञ सुसान केंपर यांच्या मोजणीनुसार ९३ जणींच्या लेखनात दर दहा शब्दांमागे किती विधानं आहेत हे पाहिलं गेलं. याला विचारघनता म्हणू. ‘वडील शिक्षक होते’ यात विधान एक. ‘कडक शिस्तीचे वडील आजारी पडल्यावर शाळा मी सांभाळली’ यात वडिलांचा स्वभाव, आजारपण, शाळा सांभाळणं आणि ‘नंतर’ हा दुवा, अशी चार. मराठीत हा दुवा ‘पडल्यावर’ला चिकटून येतो, इंग्रजीत त्याला वेगळा शब्द लागतो. म्हणून इंग्रजीतले आकडे आपल्या आजीच्या पत्रांना थेट लावता येत नाहीत. मराठीसाठी मोजपट्टी नव्याने बनवावी लागेल, आणि ती कुणीतरी बनवावी असं मला फार वाटतं.

१९९६ च्या निबंधात यांतल्या १४ मृत ननच्या मेंदूंची तपासणी आहे. विशीत विचारघनता कमी असलेल्या सगळ्यांना अल्झायमर होता, जास्त असलेल्यांपैकी एकीलाही नव्हता. चौदा हा आकडा लहानच. शिवाय विरळ वाक्यं ही आजाराची साठ वर्षं आधीची चाहूल, की भाषेने भरलेला मेंदू आजार थोपवतो, हे यातून ठरत नाही.

याच अभ्यासातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या मेंदूत अल्झायमरची खूण असलेल्या प्रथिनांच्या गाठी आणि गुंते भरपूर होते, तरी स्मरणाच्या चाचण्यांत त्या उत्तम होत्या. हे कसं? एक धागा १९९७ मध्ये हाती आला. मेंदूत आजाराच्या खुणा असलेल्या ६१ ननपैकी ज्यांना मेंदूच्या खोल भागात पक्षाघाताचे बारीक झटके येऊन गेले होते, त्यांतल्या ९३ टक्के स्मृतिभ्रंशाने ग्रासल्या होत्या. झटका न आलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. सिस्टर मेरींच्या मेंदूतही असे झटके आढळले नव्हते.