दोन मिलीत अर्धं शरीर बधिर

नागपूरची मेडिकल, मेयो ही मोठी सरकारी हॉस्पिटलं असोत की धंतोलीतलं छोटं हॉस्पिटल, सिझेरियनच्या वेळी कमरेत जाणारं भुलीचं औषध जेमतेम 2 मिली असतं. तेवढ्यात छातीखालचं शरीर बधिर होतं. मोडलेल्या एका हाताच्या ऑपरेशनला मात्र मानेजवळ किंवा काखेत 20 ते 30 मिली टोचावं लागतं. औषध बहुधा तेच, ब्युपिव्हाकेन. फरक जागेचा.

हे औषध नसेच्या आत शिरून सोडियमच्या वाटा आतल्या बाजूने बंद करतं, त्यामुळे दुखण्याचा संदेश पुढे सरकत नाही. आत शिरतो तो औषधाचा विद्युतभार नसलेला अंश. पू झालेल्या जागी आम्लता जास्त, म्हणून तिथे हा अंश कमी पडतो. पिकलेल्या दाढेला इंजेक्शन 'लागत नाही' ते यामुळे. तिथेच पुन्हा टोचण्यापेक्षा सुजेपासून लांब, मुख्य नसेजवळ भूल दिलेली बरी.

कमरेत मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात नसांची मुळं जवळपास उघडी असतात, म्हणून थोडं औषध पुरतं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये जाते. कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. भूलतज्ज्ञ बोटांनी तीच चाचपतात. औषधात ग्लुकोज घालून ते जड केलेलं असतं, त्यामुळे टेबल कलवलं की भूलही त्या बाजूला सरकते.

आधी पाय गरम वाटतात, मग थंड-गरम आणि दुखणं जातं, स्पर्श आणि हालचाल शेवटी. म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवून 'गार लागतं का?' विचारतात. ऑपरेशनमध्ये ओढल्यासारखं जाणवलं तर घाबरू नये. दुखलं तर मात्र लगेच सांगावं.

रक्तवाहिन्या सैल पडल्याने बीपी उतरतं. नागपूरच्या मे महिन्यात रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या पेशंटचं जरा जास्तच. जेवण 6 तास आधी बंद, पण डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. नंतरची डोकेदुखी सुईच्या भोकातून पाणी झिरपल्याने होते. बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते. ती टाळते 25 ते 27 गेजची, म्हणजे बारीक, पेन्सिलसारख्या टोकाची सुई. 'चोवीस तास उशी नको' या सक्तीने ती टळत नाही.

मोठ्या मात्रेचा धोका वेगळा. लिग्नोकेन हे भुलीचं दुसरं औषध घ्या. ते साधं, म्हणजे दुसरं काही न मिसळलेलं, किलोमागे जास्तीत जास्त 4.5 मिलीग्रॅम. 2 टक्के औषधाच्या दर मिलीत 20 मिलीग्रॅम असतं, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 11 मिलीत हद्द झाली. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्याहून कमीतही ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, पुढे झटके येतात आणि हृदय थांबू शकतं. म्हणून सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघतात आणि औषध थोडं थोडं सोडतात. यावर उतारा 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, पहिला डोस किलोमागे 1.5 मिली. ती बाटली थिएटरमध्ये हाताशी हवी, स्टोअरच्या कुलपात नाही.