बर्फ वितळतो, पाणी तेच राहते : हे कळले कसे?

बर्फाचे पाणी आणि पाण्याची वाफ होणे हा भौतिक बदल आहे, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पदार्थ तोच राहतो, अवस्था तेवढी बदलते. एका ओळीचे हे विधान खात्रीने करता यावे, यासाठी अठराव्या शतकाचा सारा उत्तरार्ध खर्ची पडला.

अॅरिस्टॉटलच्या काळापासून पाणी हे मूलतत्त्व मानले जाई आणि मूलतत्त्वे एकमेकांत बदलतात, अशी समजूत होती. पाणी आटवल्यावर तळाशी साका उरतो, म्हणजे पाण्याची माती झाली, असे जाणकारही म्हणत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी 1768-69 मध्ये बंद काचपात्रात पाणी 101 दिवस तापत ठेवले. साका पडला, पण पाण्यासह पात्राचे एकूण वजन बदलले नाही. रिकाम्या पात्राचे वजन मात्र घटले होते, आणि ती घट साक्याच्या वजनाशी जवळपास जुळत होती. माती झाली होती ती काचेची. पाणी पाणीच राहिले होते. पुढे 1783 मध्ये त्यांनी पाणी हे संयुग असल्याचे जाहीर केले, आणि 1800 मध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी विजेच्या साहाय्याने त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन केले. हा खरा रासायनिक बदल. वितळणे आणि उकळणे त्याहून किती वेगळे, हे आता स्पष्ट झाले.

दुसरा प्रश्न उष्णतेचा होता, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. गोठणबिंदूपर्यंत आलेल्या बर्फाला थोडी उष्णता मिळाली की तो लगेच वितळेल, असे तेव्हा मानत. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगोमध्ये दोन सारखी काचपात्रे एका मोठ्या दालनात टांगली. एकात बर्फ, दुसऱ्यात गोठणबिंदूजवळचे पाणी. पाणी अर्ध्या तासात 40 अंश फॅरेनहाइटपर्यंत पोचले. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले. इतका वेळ बर्फ उष्णता घेत होता, पण तो वितळत असेपर्यंत तापमापकात ती दिसत नव्हती. हीच अप्रकट उष्मा. 1 ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी लागतात, तर 1 ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540. आज आपण म्हणतो की ही ऊर्जा रेणूंमधले बंध सैल करण्यात खर्च होते. ब्लॅक यांच्याकडे रेणूंची कल्पना नव्हती, हाती होते ते काटेकोर मोजमाप. त्यांनी हे काम स्वतः कधी प्रसिद्ध केले नाही. 1761-62 पासून ते व्याख्यानांत सांगत राहिले, आणि व्याख्याने छापली गेली 1803 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

पाण्याचे असंगत आचरण, म्हणजे इतर द्रवांहून वेगळे वागणे, स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस होप यांनी 1805 मध्ये प्रयोगाने दाखवले : 4 अंश सेल्सिअसला त्याची घनता सर्वाधिक असते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते, म्हणून बर्फ तरंगतो. दाब वाढवला की बर्फाचा द्रवणांक, म्हणजे वितळण्याचे तापमान, घसरतो, हे जेम्स थॉमसन यांचे 1849 चे भाकीत त्यांचे बंधू विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी वर्षभरात मोजून खरे ठरवले.

बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात तो त्रिक बिंदू 0.01 अंश सेल्सिअसला येतो. तो इतका स्थिर आहे की 1954 पासून 2019 पर्यंत तापमानाच्या केल्विन या एककाची व्याख्या त्याच्यावरच आधारलेली होती.