एक संप्रेरक, अनेक परिणाम: बीटा-ब्लॉकर आणि दम्याच्या पंपामागचा इतिहास

दमा असलेल्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देऊ नये, हा नियम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवला जातो. हृदयाची धडधड कमी करणारी ही गोळी अशा रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकते आणि त्याला दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. उलट दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल श्वासनलिका सैल करते, पण ते जास्त घेतले गेले तर हात थरथरतात आणि छातीत धडधडू लागते. या दोन्ही औषधांचे मूळ अ‍ॅड्रेनालिन या एकाच संप्रेरकात आहे.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचला की रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे १८९० च्या दशकात लंडनमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवले होते. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने यांनी त्या अर्कातले अ‍ॅड्रेनालिन स्फटिकरूपात वेगळे केले. शुद्ध पदार्थ हाती आला, तरी तोच पदार्थ काही रक्तवाहिन्या आकुंचित करतो, हृदयाला वेग देतो आणि श्वासनलिकेचे स्नायू मात्र सैल सोडतो, याचे उत्तर मिळत नव्हते.

उत्तराची पहिली दिशा केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १९०५ मध्ये दिली. कोंबडीच्या पायाच्या स्नायूवर निकोटिनचा परिणाम झाला की स्नायू ताठ होतो आणि क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारे विष दिले की तो ताठरपणा जातो. हा परिणाम चेतातंतूच्या टोकावर होत असेल असे मानणे सोपे होते, म्हणून लँग्ली यांनी चेतातंतू कापून तो पूर्ण क्षीण होऊ दिला. तरीही निकोटिनने स्नायू आखडला. क्युरारे दिलेला स्नायू थेट विजेचा झटका दिल्यावर आकुंचन पावतच होता, म्हणजे आकुंचनाची यंत्रणाही शाबूत होती. तेव्हा चेतातंतूही नाही आणि आकुंचनाचे यंत्रही नाही, तर स्नायूच्या पेशीत या दोहोंच्या मधला, औषध स्वीकारणारा असा काही पदार्थ असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपण त्यालाच ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतो. कोणीही पाहिलेल्या नसलेल्या वस्तूचे अस्तित्व केवळ तर्काने इतक्या काटेकोरपणे सिद्ध केल्याची उदाहरणे शरीरक्रियाशास्त्रात फार नाहीत.

तरीही पुढची अनेक दशके ग्राही ही बहुतेकांना कागदावरची सोय वाटत राहिली. १९४८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात काम करणाऱ्या रेमंड आल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनालिनशी साम्य असलेली काही रसायने वेगवेगळ्या अवयवांवर वापरून त्यांच्या प्रभावीपणाचे क्रम लावले. रक्तवाहिन्या आकुंचित करण्यात जे रसायन सर्वांत दुबळे, तेच हृदयाला वेग देण्यात सर्वांत प्रभावी, असे त्यांना आढळले. प्रत्येक अवयवाचा क्रम निराळा निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण क्रम दोनच निघाले. त्यावरून ग्राहीही दोन प्रकारचे असावेत, असे सांगून त्यांनी त्यांना अल्फा आणि बीटा ही नावे दिली. हा लेख एका नियतकालिकाने नाकारला, दुसऱ्याने छापला आणि नंतर सुमारे दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ज्यांनी पाहिले त्यांत जेम्स ब्लॅक हे स्कॉटिश शास्त्रज्ञ होते. हृदयशूळावर, म्हणजे हृदयाला प्राणवायू अपुरा पडल्याने छातीत उठणाऱ्या कळेवर, त्या काळी जे उपचार शोधले जात, त्यांचा रोख हृदयाला जास्त रक्त पोचवण्यावर होता. ब्लॅक यांनी प्रश्नच उलटा केला: हृदयाची प्राणवायूची गरजच कमी करता आली तर? बीटा ग्राहीवर अ‍ॅड्रेनालिनची जागा अडवून बसणारे रसायन, म्हणजेच बीटा-ब्लॉकर, त्यासाठी हवे होते. आय.सी.आय. या ब्रिटिश कंपनीत त्यांच्या गटाने बनवलेले पहिले औषध, प्रोनेथॅलॉल, उंदरांमध्ये गाठी निर्माण करत असल्याचे दिसल्याने मागे पडले. त्याच्या पाठोपाठ आलेले प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकाच्या मध्यात रुग्णांपर्यंत पोचले. १९६७ मध्ये बीटा ग्राहींचेही बीटा-१ आणि बीटा-२ असे दोन प्रकार मांडले गेले. हृदयात मुख्यतः पहिला असतो आणि श्वासनलिकेच्या स्नायूंत दुसरा. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवते, आणि दम्याच्या रुग्णाला धोका होतो तो त्यामुळेच. १९६९ मध्ये आलेले साल्ब्युटामॉल मुख्यतः बीटा-२ ला चेतवते.

ग्राहीवर औषध बसल्यावर पेशीच्या आत काय घडते, हा या इतिहासाचा दुसरा आणि माझ्या मते अधिक सुंदर भाग आहे. क्लीव्हलँडमध्ये अर्ल सदरलँड यांनी यकृताच्या पेशी फोडून तयार केलेल्या लगद्यावर अ‍ॅड्रेनालिन वापरले, तेव्हा साखरेचा साठा मोकळा करणारे एन्झाइम जागे झाले. लगद्यातून पेशीपटलाचे तुकडे काढून टाकल्यावर अ‍ॅड्रेनालिन निष्प्रभ झाले. मग त्यांनी फक्त ते तुकडे संप्रेरक आणि ए.टी.पी. (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) यांच्यासोबत ठेवले, मिश्रण उकळले आणि त्यातला द्रव उरलेल्या लगद्यात घातला. एन्झाइम पुन्हा जागे झाले! उकळूनही टिकणारा तो छोटा रेणू म्हणजे सायक्लिक ए.एम.पी. संप्रेरक स्वतः आत शिरतच नाही, त्याचा निरोप हा दुसरा दूत आत नेतो, हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. ग्राही आणि सायक्लिक ए.एम.पी. बनवणारे एन्झाइम यांना जोडणारी जी-प्रथिने पुढे मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी शोधून काढली.

निरोप एकच असला तरी तो ऐकणारी पेशी वेगळी असते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यायला हवी. सायक्लिक ए.एम.पी. वाढले की प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम कामाला लागते आणि पेशीतल्या निवडक प्रथिनांना फॉस्फेट जोडते. हृदयाच्या पेशीत ती प्रथिने कॅल्शियमचा प्रवाह वाढवणारी असतात, म्हणून ठोका जोरकस होतो. श्वासनलिकेच्या स्नायूत मात्र आकुंचनाची साखळीच मंदावते आणि नलिका रुंदावते.

१९८६ मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या गटाने बीटा-२ ग्राहीचे जनुक हाती घेतले, तेव्हा त्याची रचना डोळ्यातील प्रकाशग्राही रोडॉप्सिनशी जुळणारी निघाली: पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी. एका मोठ्या कुळाचीच ओळख पटली. आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधे याच कुळातील ग्राहींवर काम करतात. लँग्ली यांनी तर्काने गाठलेली ही वस्तू २०११ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने जी-प्रथिनाशी जोडलेल्या अवस्थेत, अणूंच्या मांडणीसह दाखवली.

ग्राहींची संख्या स्थिर नसते, हेही याच संशोधनातून कळले. सतत चेतवल्या गेलेल्या बीटा ग्राहीला बीटा-अरेस्टिन हे प्रथिन जी-प्रथिनापासून तोडते आणि पेशीच्या आत ओढून घेते, त्यामुळे वारंवार पंप ओढणाऱ्याला पुढे पुढे त्याचा गुण कमी वाटू शकतो. शिवाय साल्ब्युटामॉल श्वासनलिकेची सूज उतरवत नाही. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनाने २०१९ पासून केवळ अशा पंपावर अवलंबून राहू नये, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइडही सोबत असावे, असे सांगितले आहे. याच्या उलट, दीर्घकाळ अडवलेले ग्राही पेशी संख्येने वाढवते. बीटा-ब्लॉकर अचानक बंद केले तर त्या वाढलेल्या ग्राहींवर शरीराचे स्वतःचे अ‍ॅड्रेनालिन तुटून पडते आणि हृदयशूळ उसळू शकतो. म्हणूनच ही गोळी मनाने न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची असते.