दंड परत येतात, मान परत येत नाही

नागपंचमी झाली की वऱ्हाडातल्या गावागावांत आमदंगलीचे, म्हणजे खुल्या कुस्त्यांचे, फलक लागू लागतात. पोळा, कार्तिकातल्या यात्रा आणि मग थेट चैत्रापर्यंत कुठे ना कुठे माती खणलेली असतेच. या दंगलींत एक प्रसंग हमखास येतो. माइकवरचा माणूस एखाद्या जुन्या पैलवानाचं नाव पुकारतो, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, डफडं वाजतं आणि गर्दीतून आवाज उठतो, "होऊन जाऊ द्या नं भाऊ एक कुस्ती!" पैलवान पन्नाशीचा असतो, कुस्ती सोडून त्याला पंधरा-वीस वर्षं झालेली असतात. पण अंगात अजून कस आहे असं त्यालाही वाटत असतं. त्यात काही हजारांचं इनाम बोललेलं असतं, आणि कापसाने दगा दिलेल्या वर्षी ती रक्कम लहान नसते.

टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत तर निवृत्तांचं परतणं हा मोठा व्यवहार आहे. तिथला निकाल आधी ठरलेला असतो, पण पडणं खरंच असतं. जून २०१९ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह इथे ५४ वर्षांचा अंडरटेकर आणि ५२ वर्षांचा गोल्डबर्ग समोरासमोर आले. गोल्डबर्गचं डोकं रिंगच्या खांबावर आदळलं, मेंदूला धक्का बसला, आणि त्याच अवस्थेत त्याने अंडरटेकरला उचलून उलटं फेकण्याचा डाव टाकला. तोल गेला आणि अंडरटेकर जवळजवळ मानेवरच उतरला. तो बचावला. पण दमलेल्या, धक्का बसलेल्या पन्नाशीच्या शरीराच्या हाती दुसऱ्याची मान सोपवणं म्हणजे काय, हे त्या क्षणी लाखोंनी पाहिलं.

निवृत्त पैलवानाने पुन्हा उतरावं का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण त्याच्या दंडाकडे पाहून देतात. तो स्वतःही तसंच देतो: "दोन महिने जोर-बैठका मारल्या का पहिल्यावानी होतो मी, पाहा तुम्ही." यातलं अर्धं विज्ञानाला मान्य आहे, आणि घोळ त्या अर्ध्यातूनच सुरू होतो.

तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून लवकर उतरते, आणि झटक्यात जोर लावण्याची क्षमता सर्वांत लवकर. कारण स्नायूतले जलद तंतू आधी बारीक होतात. ढाक किंवा धोबीपछाड असे उचलून फेकण्याचे डाव लागतात ते याच तंतूंच्या बळावर. असं असलं तरी गेलेली ताकद कमावता येते. १९९० साली अमेरिकेत सरासरी ९० वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल तर पन्नाशीच्या पैलवानात का होणार नाही?

पैलवानाला तर आणखी एक फायदा असतो. व्यायामाने स्नायूची पेशी जाड होते तेव्हा तिच्यात नवीन केंद्रकं भरती होतात. नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की व्यायाम बंद पडून स्नायू रोडावला तरी ही केंद्रकं दीर्घकाळ टिकून राहतात. माणसातही जुन्या व्यायामाच्या खुणा स्नायूंतल्या जनुकांवर राहतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून विशीत हजार बैठका मारलेल्या माणसाचं अंग नवख्यापेक्षा लवकर भरतं. तीन-चार महिन्यांत दंड दिसू लागतात, गावही म्हणतं की पैलवान परत आला.

आता याच दंडाच्या टोकाला असलेल्या कंडरेकडे पाहा. स्नायू हाडाला बांधणारी ही दोरी मुख्यतः कोलॅजनची असते. तिला रक्तपुरवठा कमी, तिची डागडुजी संथ, आणि वयानुसार तिच्यातली लवचीकता ओसरत जाते. स्नायूला आठवड्यांत जे जमतं त्याला कंडरेला महिनोन्महिने लागतात. विहिरीवर तीनच्या जागी पाच एचपीची मोटर बसवायची आणि पाइप जुनाच ठेवायचा, असा तो प्रकार होतो. एज या नावाने लढणाऱ्या कॅनेडियन कुस्तीगिराचं उदाहरण इथे अगदी नेमकं बसतं. मानेतल्या मज्जारज्जूची जागा अरुंद झाल्यामुळे त्याने २०११ साली कुस्ती सोडली. नऊ वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, ४६ व्या वर्षी तो पुन्हा रिंगमध्ये उतरला तेव्हा शरीर घोटीव दिसत होतं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्या दंडाचा मागचा स्नायू फाटला.

फाटलेला स्नायू शिवता येतो, माणूस काही महिन्यांत हात उचलतो. मानेचं तसं नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, पैलवान खाली वाकतो, हनुवटी छातीकडे नेतो आणि डोकं समोरच्याच्या कुशीत घालतो. मानेच्या सात मणक्यांना निसर्गतः मागे वळलेली कमान असते, आणि धक्का बसला की ती कमान थोडी वाकून तो पचवते. डोकं सुमारे ३० अंश पुढे झुकलं की कमान सरळ होते, मणके एकावर एक उभे राहतात, आणि अशा वेळी माथ्यावर बसलेला दाब सरळ त्यांच्या ओळीतून जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोकं खाली घालून मुसंडी मारणाऱ्या मुलांच्या माना याच रीतीने मोडत होत्या. १९७६ साली तिथे ती मुसंडी नियमाने बंद केली आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडण्याच्या घटना झपाट्याने घटल्या. मुलं तीच होती, खेळही तोच होता. नियम तेवढा बदलला होता.

तरुण पैलवानाच्या मानेत चूक पोटात घालायला थोडी जागा असते. मज्जारज्जू ज्या पोकळीतून जातो तिचा व्यास निरोगी माणसात साधारण १७ मिलिमीटर असतो आणि रज्जू स्वतः ८ ते १० मिलिमीटरचा. मधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो. वय वाढतं तशा त्या पाणी गमावून चेपतात, मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात आणि पोकळी आखडत जाते. १३ मिलिमीटरच्या खाली गेली की अरुंद म्हणतात, १० च्या खाली म्हणजे गंभीर. वर्षानुवर्षं डोकं टेकवून मानेवर अंगाचा पूल केलेल्या, मुंडीला मुंडी घासलेल्या पैलवानात ही झीज लवकर येऊ शकते. बाहेरून मान जाडजूड, खांद्यात रुतलेली दिसते, आणि आत काय झालंय ते सांगायला एमआरआयच लागतो.

काही खुणा मात्र घरीही कळतात. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? हातांना मुंग्या येतात, चालताना पाय लडखडतात का? डॉक्टर एक सोपी चाचणी करतात: १० सेकंदांत मूठ जास्तीत जास्त वेळा पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. निरोगी हाताला २० च्या वर सहज जमतं. कमी भरलं, तर लंगोट कसण्याचा विचार सोडून आधी मान दाखवायला हवी. नागपूर किंवा सेवाग्रामपर्यंतचा हेलपाटा पुढच्या आयुष्यभराच्या खाटेपेक्षा नक्कीच छोटा आहे.

"आमची तर माती आहे, टीव्हीवाल्यांसारख्या फळ्या नाहीत," असं यावर ऐकायला मिळतं. मुद्दा खरा आहे आणि त्याचा हिशेबही मांडता येतो. दीड मीटरवरून पाठीवर पडलेलं अंग जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण ५.४ मीटर असतो. हा वेग शून्यावर येताना बसणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, ते काढायचं तर पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. ताक, तेल, हळद घालून मळलेली, खोल खणलेली माती ८ सेंटिमीटर दबली, तर १५० भागिले ८, म्हणजे सुमारे १९ पट. लोखंडी सांगाड्यावर फळ्या आणि वर पातळ फोम असलेली रिंग २ सेंटिमीटरच दबली, तर ७५ पट. शरीर स्वतःही थोडं दबतं, त्यामुळे खरे आकडे मागेपुढे होतील, पण फरक चौपटीच्या घरातला आहे. आपल्या उस्तादांनी हे सूत्र न मांडताच ओळखलं होतं.

फक्त ही माती रोजच्या आखाड्यातली. यात्रेतल्या दंगलीचा हौद, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, बऱ्याचदा एखाद्या वावरात आदल्या दिवशी तयार होतो. खाली आपली काळी कपाशीची जमीन, वाळली की तिची ढेकळं घट्ट. मधोमध माती ओतलेली असते, कडेला पातळ होत जाते. दुपारच्या पन्नास जोडी लढून होईपर्यंत मधलीही तुडवून बसलेली असते, आणि मानाची कुस्ती शेवटी असते. म्हणजे ज्याचं शरीर सर्वांत जुनं, त्याच्या वाट्याला दिवसातली सर्वांत टणक माती.

मेंदू आणि हृदयाचं थोडक्यात सांगतो. वयानुसार मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे मेंदूपासून कवटीच्या आतल्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या राहतात आणि साध्या हिसक्यानेही फाटू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. हा रक्तस्राव कधी कधी इतका संथ असतो की डोकेदुखी, सुस्ती, विसरभोळेपणा दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर दंगल कोणाच्या लक्षातही नसते. हृदयाची गोष्ट वेगळी. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना रक्तदाब मोजला. तो सरासरी ३२० बाय २५० निघाला. खाली दाबून धरलेला पैलवान दम रोखून सुटू पाहतो तेव्हा तोही याच प्रकारचा जोर लावत असतो. रोज व्यायाम करणाऱ्याचं हृदय अशा झटक्यांना सरावलेलं असतं. वर्षानुवर्षं न हललेल्या माणसाने एकदम कमाल जोर लावला तर हार्ट अटॅकचा धोका त्यानंतरच्या तासाभरात कितीतरी वाढतो. त्यात अनेक जुन्या पैलवानांचा व्यायाम सुटतो पण खुराक सुटत नाही, आणि साखर, रक्तदाब मागून येतात.

मग गामा पैलवानाचं काय? हा प्रश्न पारावर येतोच, आणि यायलाही हवा. १९२८ साली पटियाळ्यात गामाने पोलंडच्या झिबिस्कोला मिनिटभरात चीत केलं तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. पण झिबिस्कोही त्याच्याच वयाचा होता. ती जोड बरोबरीची होती, आणि गामाने मेहनत कधी सोडलेली नव्हती. अलीकडचं उदाहरण क्यूबाच्या मिहाइन लोपेसचं. टोकियोनंतर तो स्पर्धेत उतरला नव्हता, तरी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी त्याने सलग पाचवं सुवर्ण घेतलं आणि बूट मॅटवर काढून ठेवून निरोप घेतला. त्याचा खंड तीन वर्षांचा होता, वीस वर्षांचा नव्हे, आणि तोही जगातल्या सर्वोत्तम मल्लाचा. आपल्या तालुक्यातल्या पैलवानाला या दोघांची नावं सांगून मातीत ढकलणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या पैलवानाने आखाड्यात परत यावं, रोज यावं. जोर, बैठका, मुद्गल, पोरांना डाव दाखवणं, ओळखीच्या हाताबरोबर हलकी पकड, हे सगळं करावं. त्याची साखर, हाडं, झोप, मन, सगळ्याला याचा फायदा आहे, आणि गावातल्या रिकाम्या पडत चाललेल्या व्यायामशाळांना उस्तादही हवे आहेत. आमदंगलीत मात्र बावीस वर्षांच्या पोट्ट्यासमोर त्याने उतरू नये, आणि गावानेही तसा आग्रह धरू नये. लढायचंच असेल तर जोड वयाची लावावी. जागतिक पातळीवर ३५ वर्षांवरच्या मल्लांसाठी वयोगटांनुसार वेगळी स्पर्धा होतेच. दंगल समितीला तसा एक गट ठेवणं, त्याची वेळ कमी ठरवणं, मान आवळणारे आणि डोक्यावर उलटं फेकणारे डाव त्यात बंद करणं सहज जमेल. ती कुस्ती दिवसाच्या सुरुवातीला, ताज्या मातीत लावावी. दंगलीआधी निदान सहा महिने सराव झालेला असावा. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि मानेची तपासणी झाल्याशिवाय नाव घेऊ नये.

विदर्भात यात एक तपासणी आणखी हवी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, आणि एकूणच पूर्व विदर्भात या आजाराचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे पन्नाशीपर्यंत त्याला पत्ताही नसतो. पण सराव नसताना, उन्हात, पाणी कमी असताना एकदम टोकाचे श्रम केले तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो, स्नायू फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांच्या संघांतल्या खेळाडूंसाठी ही तपासणी २०१० पासून सक्तीची झाली. तिथल्या लष्करात पाणी आणि विश्रांतीचे नियम लागू झाल्यानंतरच्या मोठ्या अभ्यासात वाहक सैनिकांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. म्हणजे वाहकाला कुस्ती वर्ज्य नाही, त्याला पाणी, सावली आणि हळूहळू वाढवलेला सराव लागतो. चाचणी सरकारी दवाखान्यात होते.

आणि हौदाभोवती उभं राहणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असायला हवी. पैलवान मानेवर पडला आणि उठला नाही, तर चौघांनी हातपाय धरून त्याला उचलायचं नाही, मान चोळायची नाही, पाणी पाजायचं नाही. एकाने गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं जसं आहे तसं स्थिर धरायचं, हातापायाची बोटं हलतात का ते त्याला विचारायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत तो तिथेच राहील, आणि पुढची जोड थांबेल.